मुलकोवालची बाटली आणि भरपाईचा प्रश्न : लसीकरणातील इजा, दोष व दायित्व

१. प्रास्ताविक

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेगची साथ बेंगळुरूस पोहोचली ती रेल्वेमार्गाने. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी आणि तेथून म्हैसूर संस्थानातील ही नगरी असा तिचा प्रवास सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गावरून झाला. साथीने शहराची घडीच बदलली. दाट वस्तीच्या पेठा रिकाम्या झाल्या. मल्लेश्वरम व बसवनगुडी या मोकळ्या, आखीव वसाहती उभ्या राहिल्या, आणि प्लेगनिवारणाच्या कामात संपर्क राहावा म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा आल्या. देवीच्या रूपाने प्लेगची पूजा करणारी प्लेगम्माची देवळे त्या काळाची आठवण आजही जपून आहेत. म्हैसूर संस्थानाच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. पद्मनाभन पल्पू यांच्यासारखे वैद्य प्लेगच्या छावण्यांतून काम करीत होते. रोग ज्या वाटेने आला त्याच वाटेने त्याच्यावरील उपायही आला. हा उपाय म्हणजे मुंबईत तयार होणारी, वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस होय.

या लसीच्या इतिहासात १९०२ साली घडलेली एक दुर्घटना वैद्यकाच्या इतिहासकारांना परिचित आहे. पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. हाफकिन यांच्यावर आलेला ठपका, त्यांचे निलंबन आणि पुढे झालेले त्यांचे दोषमुक्तीकरण यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मात्र दायित्वाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून या घटनेकडे क्वचितच पाहिले जाते. लसीमुळे इजा झाल्यास ती कोणाच्या दोषाने झाली आणि ज्याला इजा झाली त्याचे देणे कोण लागतो, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. मुलकोवालनंतरच्या पाच वर्षांत पहिला प्रश्न हिरिरीने लढविला गेला. दुसरा प्रश्न त्या वादात उभाच राहिला नाही. भारतीय कायद्याने पुढे दीर्घकाळ हीच दृष्टी बाळगली आणि त्यामुळे २०२१ नंतर न्यायालयांत आलेल्या भरपाईच्या दाव्यांपुढे एक विशिष्ट अडचण उभी राहिली, असे या निबंधात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२. परळची लस आणि १८९७ चा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हाफकिन तेव्हा पटकीच्या लसीच्या कामासाठी भारतात होते. त्यांना कलकत्त्याहून मुंबईस बोलावण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका अपुऱ्या जागेत त्यांनी मृत जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या अनुयायांना उदाहरण घालून दिले आणि प्रयोगशाळेसाठी आपले खुश्रू लॉज दिले. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तेथून देशभर, संस्थानी मुलुखांसह, लसीच्या बाटल्या रवाना होऊ लागल्या. लस पूर्ण संरक्षण देत नसली तरी टोचलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण बरेच कमी राहते, हे अनेक ठिकाणच्या नोंदींवरून दिसून आले.

याच सुमारास, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला घरांची झडती, प्रवाशांची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण अशा उपायांसाठी अत्यंत व्यापक अधिकार दिले. पुण्यात हे अधिकार ज्या रीतीने वापरले गेले त्यातून उसळलेला असंतोष आणि २२ जून १८९७ रोजी झालेला रँडचा वध महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या कायद्याचे चौथे कलम महत्त्वाचे आहे. या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या अथवा करू योजलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही, असे हे कलम सांगते. बेळगाव व धारवाड हे जिल्हे मुंबई इलाख्यात असल्यामुळे तेथे हा कायदा थेट लागू होता. बेंगळुरू संस्थानी हद्दीत असल्याने तेथील प्लेगविषयक नियम दरबारचे होते. परंतु साथीच्या काळात राज्याने केलेल्या कृतीचा जाब न्यायालयात विचारता येऊ नये, ही राज्यकर्त्यांची मनोभूमिका कायद्याच्या शब्दांत उतरली ती येथे.

लस टोचून घेणे मात्र सक्तीचे नव्हते. विलगीकरण सक्तीचे आणि लस ऐच्छिक, असा हा भेद होता. पुण्याच्या अनुभवानंतर लसीची सक्ती करणे सरकारला शहाणपणाचे वाटण्याजोगे नव्हते. मनधरणी, स्थानिक प्रतिष्ठितांचे उदाहरण आणि विलगीकरणाच्या जाचातून सवलत यांवर भर देण्यात आला. ही ऐच्छिकता पुढे दायित्वाच्या चर्चेत फिरून फिरून येते, म्हणून तिची येथे नोंद करून ठेवणे इष्ट आहे.

३. मुलकोवाल : दोषाचा शोध

१९०२ च्या हिवाळ्यात पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरणाची योजना आखली. मागणी पुरी करण्यासाठी परळला उत्पादन वाढवावे लागले. या काळात हाफकिन यांनी पद्धतीत एक बदल केला होता. लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची पूर्वीची रीत सोडून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची, पाश्चर संस्थेत रूढ असलेली रीत त्यांनी स्वीकारली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना ज्या बाटलीतून लस मिळाली तिचा क्रमांक ५३-एन असा होता. आठवडाभरात या एकोणीस जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स हे होते. त्यांच्यासोबत कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयाचे बॉमफर्ड आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे सेम्पल हे दोन वैद्यकीय सदस्य होते. आयोगापुढील कळीचा प्रश्न एकच होता : धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले ते परळला की मुलकोवालला? बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेत, दोष उत्पन्न झाला असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले व १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

या निष्कर्षाविरुद्धचा पुरावा मात्र नोंदींतच होता. बाटली उघडताना वापरावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. शिवाय बाटली भरल्यानंतर सुमारे चाळीस दिवसांनी ती उघडण्यात आली. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. परंतु तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यास तशी दुर्गंधी जाणवली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याचे पुनरावलोकन केले. हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी हाफकिन यांची बाजू घेतली. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त होऊन भारतात परतले. पण परळला नव्हे, तर कलकत्त्यास. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि आज मुंबईकर ती संस्था हाफकिन याच नावाने ओळखतात.

एका शास्त्रज्ञावर झालेल्या अन्यायाचा हा इतिहास न्याय्यपणे लिहिला गेला आहे. त्याबरोबरच या वादाची मांडणी कशी झाली हेही पाहणे आवश्यक आहे. आयोगाचा निष्कर्ष, लिस्टर संस्थेचे मत, ‘टाइम्स’मधील पत्र आणि सरकारचा अंतिम निर्णय हे या प्रकरणातील चार प्रमुख टप्पे. चारही ठिकाणी वादाचे दोन पक्ष म्हणजे प्रयोगशाळा आणि क्षेत्रावरील कर्मचारी. बाटली की चिमटा, परळ की मुलकोवाल, हाच तो वाद. एकोणीस मृत व्यक्ती या वादात पुरावा म्हणून येतात. पक्षकार म्हणून येत नाहीत. वस्तुतः त्यांच्या वारसांच्या दृष्टीने हा वाद गौण होता. जंतू परळला शिरले असोत वा मुलकोवालला, लस सरकारच्या प्रयोगशाळेची होती, टोचणारे सरकारचे होते आणि मोहीमही सरकारचीच होती. दोन्ही पर्यायांत देणेकरी एकच होता. तरीही दोषाची जागा निश्चित करण्यात पाच वर्षे गेली, आणि हाफकिन यांच्या सन्मानाची पुनःस्थापना होताच प्रकरण संपले असे मानले गेले.

४. सार्वभौमत्व, हयगय आणि औरंगाबादचा खटला

त्या काळी एखाद्या वारसाने दावा लावावयाचे ठरविले असते तरी त्याची वाट अवघड होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून चालत आलेल्या तत्त्वानुसार राज्याच्या कृत्यांचे दोन भाग पडत. १८६१ च्या पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीच्या खटल्यात कलकत्त्याच्या न्यायालयाने असे म्हटले होते की, खाजगी व्यक्तीही करू शकेल अशा व्यवहारात सरकारी नोकराने हयगय केल्यास सरकार जबाबदार राहील. परंतु सार्वभौम अधिकाराच्या वापरात झालेल्या कृत्याबद्दल राहणार नाही. साथनिवारण हे सार्वभौम कार्य आहे असा युक्तिवाद सरकारला सहज करता आला असता. त्याच्या जोडीला १८९७ च्या कायद्याचे सद्भावनेचे संरक्षण होतेच.

स्वातंत्र्यानंतर ही सीमारेषा हळूहळू पुसट झाली. आरोग्यसेवेच्या क्षेत्रात ती ज्या खटल्यात निर्णायकपणे ओलांडली गेली तो मराठवाड्यातील आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका महिलेवर प्रसूतीनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा तुकडा राहून गेल्याने तिचा त्याच महिन्यात मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाने लावलेला दावा, अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९९६ मध्ये. रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य नव्हे आणि कर्मचाऱ्यांच्या हयगयीबद्दल राज्य जबाबदार आहे, असे न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितले. भरपाई मिळाली, परंतु तेहतीस वर्षांनी.

या खटल्यातील आणखी एक मुद्दा प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. पोटात कापड राहिले, ही गोष्टच हयगयीचा पुरावा ठरते. ती वेगळी सिद्ध करावी लागत नाही. घटना स्वतःच बोलते, असे हे तत्त्व. मुलकोवालची घटना याच जातीची होती. एकाच बाटलीतील एकोणीस जणांना धनुर्वात झाला, इतके सांगितले की कोठे तरी चूक झाली हे सिद्धच होते. परंतु लसीमुळे होणाऱ्या सर्वच इजा अशा बोलक्या नसतात.

आजचे लसीकरणशास्त्र लसीनंतरच्या प्रतिकूल घटनांची पाच गटांत विभागणी करते : लसीच्या स्वाभाविक गुणधर्मामुळे उद्भवलेली, उत्पादनातील दोषामुळे उद्भवलेली, टोचण्यातील वा साठवणुकीतील चुकीमुळे उद्भवलेली, टोचण्याच्या भीतीमुळे उद्भवलेली, आणि केवळ योगायोगाने त्याच काळात घडलेली. मुलकोवालचा सारा वाद दुसऱ्या व तिसऱ्या गटांमधील निवडीचा होता. पहिला गट वेगळा आहे. येथे लस निर्दोष असते, टोचणाराही निर्दोष असतो. तरी लक्षावधींतील एखाद्याच्या शरीराची प्रतिक्रिया त्याला अपंग करते किंवा त्याचा जीव घेते. हयगयीवर आधारलेल्या कायद्याला हा मनुष्य दिसतच नाही. कारण तो ज्याच्याविरुद्ध दावा लावील असा दोषी कोणी अस्तित्वातच नसतो.

५. दोषाविना भरपाई : अन्य देशांचा अनुभव

हा पेच इतर देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळखला गेला. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५३ मध्ये देवीच्या सक्तीच्या लसीमुळे झालेल्या इजेच्या प्रकरणात एक जुने तत्त्व लागू केले. समाजाच्या हितासाठी ज्याला इतरांपेक्षा अधिक त्याग करावा लागला, त्याच्या त्यागाचे मोल समाजाने दिले पाहिजे, असे हे तत्त्व आहे. त्यात कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. १९६१ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले. फ्रान्सने १९६४ मध्ये आणि जपानने १९७६ मध्ये अशाच तरतुदी केल्या. ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याच्या लसीवरील वादानंतर १९७९ साली कायदा झाला. त्यानुसार तीव्र अपंगत्व आलेल्यास प्रथम दहा हजार पौंडांची एकरकमी मदत ठरली, जी पुढे एक लाख वीस हजारांपर्यंत वाढविण्यात आली.

अमेरिकेचा मार्ग न्यायालयांतून गेला. १९५५ मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेल्याने सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण दगावले. १९५८ च्या खटल्यात ज्यूरीने कंपनीची हयगय नाकारली, तरी लस सुरक्षित असल्याच्या गर्भित हमीचा भंग झाला म्हणून तिला जबाबदार धरले. १९८० च्या दशकात त्रिगुणी लसीवरील दाव्यांची संख्या इतकी वाढली की काही उत्पादकांनी हा व्यवसायच सोडला आणि लसीच्या तुटवड्याची भीती निर्माण झाली. १९८६ च्या कायद्याने यातून मार्ग काढला. लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती ज्या ज्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येकापोटी, पंचाहत्तर सेंटचा कर घेऊन निधी उभारावयाचा आणि इजा झालेल्यास दोष सिद्ध न करता त्यातून भरपाई द्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे. लसीकरण टिकविणे हाही तिचा एक हेतू होता, हे लक्षात घ्यावयास हवे. भरपाईची योजना लसविरोधकांच्या विजयातून जन्मली नाही. लस टिकावी अशी इच्छा असणाऱ्यांनीच ती घडविली.

भारतात दोषाविना भरपाईचे तत्त्व अपरिचित नाही. मोटार अपघातांच्या कायद्यात ते १९८२ पासून आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत इजा झालेल्या स्वयंसेवकांसाठी २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले आणि २०१९ मध्ये ते अधिक स्पष्ट झाले. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसून आले नाही. परंतु संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने २०१३ मध्ये कठोर टीका केली. थोडक्यात, चाचणीतील स्वयंसेवकास जे संरक्षण कायद्याने मिळाले ते चाचणी संपून लस सर्वांना खुली झाल्यावर टोचून घेणाऱ्या नागरिकास मिळाले नाही.

६. २०२१ नंतरचे दावे

कोविड-१९ च्या साथीत देशभर दोनशे कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. या लसीकरणाने असंख्य जीव वाचविले, याविषयी वैद्यकीय जगतात दुमत नाही. त्याचबरोबर गंभीर प्रतिकूल घटनांची अल्प संख्याही नोंदली गेली. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीच्या अहवालातून तीव्र ॲलर्जीमुळे झालेला एक मृत्यू लसीशी कार्यकारणसंबंधाने जोडला गेल्याचे प्रसिद्ध झाले. रक्तात गुठळ्या होऊन बिंबाणू घटण्याचा एक अत्यंत दुर्मीळ विकार ॲस्ट्राझेनेकाच्या लसीशी संबंधित असल्याचे युरोपात २०२१ च्या वसंतातच दिसून आले होते. हीच लस भारतात पुण्याच्या सीरम संस्थेने कोव्हिशिल्ड या नावाने तयार केली होती.

या पार्श्वभूमीवर मृतांच्या नातेवाईकांचे दावे न्यायालयांत आले. दोन तरुणींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. महाराष्ट्रातील एका पित्याने आपल्या डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल मुंबई उच्च न्यायालयात एक हजार कोटी रुपयांची मागणी केली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने प्रतिवादींना नोटिसा काढल्या. केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एका अंतरिम आदेशाने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास अशा मृत्यूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. तो प्रश्नही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या शपथपत्रातील भूमिका अभ्यसनीय आहे. लस घेणे ऐच्छिक होते, तिची माहिती उपलब्ध होती, म्हणून दुर्मीळ दुष्परिणामांसाठी राज्यास भरपाई देण्यास बांधील धरता येणार नाही. हयगयीचा आरोप असल्यास संबंधितांनी दिवाणी न्यायालयात अथवा ग्राहक मंचाकडे जावे, असा त्याचा आशय होता. यातील दोन्ही धागे आपल्याला ओळखीचे वाटतात. ऐच्छिकतेचा धागा प्लेगच्या काळातील आहे, तर हयगयीचा धागा मुलकोवालच्या चौकशीतील. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल देताना कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही असे म्हटले, त्याचबरोबर प्रतिकूल घटनांची माहिती लोकांपुढे ठेवण्याचा आदेशही दिला होता. ऐच्छिकतेचा जो अर्थ त्या निकालात नागरिकाचे संरक्षण म्हणून आला, तोच शपथपत्रात राज्याचे संरक्षण म्हणून पुढे आला.

हयगयीचा मार्ग व्यवहारात किती अरुंद आहे हे पाहण्यासाठी बेंगळुरूसारख्या महानगराचे उदाहरण पुरेसे आहे. मार्च २०२१ मध्ये तेथील सरकारी केंद्रावर लस मोफत मिळत होती आणि खाजगी रुग्णालयात कमाल २५० रुपयांना. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालानुसार, जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते तेथील लाभार्थी हा ग्राहक ठरत नाही. म्हणजे एकाच बनावटीच्या लसीची मात्रा घेतलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी खाजगी रुग्णालयात गेलेल्यास रुग्णालयाविरुद्ध ग्राहक मंचाचे दार उघडे राहते आणि सरकारी केंद्रावरील रांगेत उभा राहिलेल्यास ते बंद होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या दायित्वाची स्वतंत्र तरतूद केली असली तरी सदोष उत्पादन, सदोष रचना किंवा अपुरी सूचना यांपैकी काही तरी दाखवावेच लागते. निर्दोष लसीच्या दुर्मीळ परिणामाला बळी पडलेला मनुष्य येथेही रिकाम्या हातांनी परततो.

आणखी एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० साली मोठी दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा आणि जखमी सेवकांना गुन्हेगाराकडून भरपाई अशी योग्य तरतूद तीत करण्यात आली. अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी या कायद्यात भरपाईची कल्पना प्रथमच आली. सद्भावनेने केलेल्या कृत्याविरुद्धचे दावे रोखणारे चौथे कलम मात्र जसेच्या तसे राहिले. मोहिमेत काम करणारा जखमी झाला तर त्याचे देणे कायद्याने मानले. मोहिमेच्या हाकेला ओ देणाऱ्याचे त्या दुरुस्तीत मानले गेले नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, लसीकरणातील इजेविषयीचा आपल्याकडील विचार आरंभापासून अपराध्याच्या शोधाभोवती फिरत राहिला. हा शोध निरर्थक नव्हे. उत्पादनाच्या आणि टोचण्याच्या पद्धती त्यामुळेच सुधारतात. मुलकोवालनंतर निर्जंतुकीकरणाकडे अधिक काटेकोरपणे पाहिले गेले ते याच कारणाने. पण त्या शोधाच्या निकालावर पीडिताचा हक्क अवलंबून ठेवला की दोन अन्याय संभवतात. एक, भरपाई द्यावयाची तर कोणाला तरी अपराधी ठरवावे लागते आणि हाफकिन यांच्यासारखा निरपराध माणूस भरडला जातो. दुसरा, अपराधी कोणीच नसेल तर पीडित रिकाम्या हातांनी घरी जातो. दोषाविना भरपाईची व्यवस्था या दोन्ही अन्यायांना एकाच वेळी उत्तर देते. कारण ती शास्त्रज्ञाला पिंजऱ्यातून आणि पीडिताला पुराव्याच्या ओझ्यातून मोकळे करते.

कार्यकारणसंबंध निश्चित करणे कठीण असते, योगायोगाने घडलेल्या घटनांचे दावेही पुढे येतात, आणि सरसकट भरपाईने लसीविषयी भय वाढेल, असे आक्षेप या व्यवस्थेवर घेतले जातात. ते गांभीर्याने घेतले पाहिजेत. परंतु ज्या देशांत या योजना दीर्घकाळ चालू आहेत तेथे लसीकरण थांबलेले नाही. उलट, इजा झाल्यास समाज पाठीशी उभा राहील ही खात्री हाही विश्वासाचाच एक भाग आहे. मुलकोवालनंतर पंजाबातील लसीकरण खालावले, आणि १९०७ या एका वर्षात भारतात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. या दोहोंचा सरळ संबंध जोडणे धाडसाचे होईल. तथापि, साथीच्या काळात लोकांचा विश्वास गमावणे किती महाग पडते याची कल्पना त्यावरून येते.

हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेवर कोरलेले आहे आणि ते तेथे असणे सर्वथैव उचित आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी बाटली क्रमांक ५३-एन मधून ज्यांनी विश्वासाने लस टोचून घेतली, त्या एकोणीस जणांविषयीचा प्रश्न मात्र त्या वादाच्या निकालाने सुटला नव्हता. लसीकरणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना बाटली आणि चिमटा यांच्याबरोबर त्यांचीही नोंद घेणे आवश्यक आहे.